झोप लागते का, डॉक्टर?

सात रस्त्याला उतरा आणि कस्तुरबा हॉस्पिटलचं फाटक विचारा. कुणीही दाखवेल. मुंबईकराच्या डोक्यात हे नाव कस्तुरबांचं कमी आणि साथीच्या रोगांचं जास्त झालेलं आहे. जवळपास टपरी असेलच. तिथे एक कटिंग घ्या आणि माझं ऐकून ठेवा, कारण एकदा आत शिरलात की तुम्हाला तोंड उघडता येणार नाही. तुम्ही कुणाला दिसणार नाही. पुढे काय होणार हे तुम्हाला ठाऊक असेल आणि नेमकं तेच कुणाला सांगता येणार नाही. काळात मागे जायचं तर एवढं सोसावं लागतं.

काम एकच आहे. साथींची दप्तरं आपल्याकडे भरगच्च आहेत. किती माणसं गेली, किती घरांना चुना लावला, किती उंदीर मेले, किती ऑक्सिजन लागला, सगळ्याची नोंद आहे. त्या साथीत जो डॉक्टर उभा होता त्याच्या मनाचं काय झालं, हे कुणी कुठे लिहून ठेवलंय का, तेवढं बघून यायचं.

चहा संपला? पेला खाली ठेवा.

आधी आवाज बदलतो. हॉर्न थांबतात आणि गिरणीचा भोंगा कानावर येतो. तारीख २९ ऑक्टोबर १८९६. रस्त्याचं नाव आर्थर रोड, आणि हे आवार म्हणजे चार वर्षांपूर्वी, १८९२ मध्ये, साथीच्या रोग्यांसाठी उघडलेलं आर्थर रोड हॉस्पिटल. महिन्यापूर्वी, २३ सप्टेंबरला, मांडवीतला ताप साधा नाही, गाठीचा प्लेग आहे, असं निदान डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी केलं. हे मूळचे गोव्याचे, बार्देशातल्या हडफड्याचे. खरं निदान करणाऱ्या डॉक्टरवर लोक खूश होतात असा समज असेल तर तो इथेच सोडा. प्लेग आहे म्हटल्यावर व्यापाराचं काय, बंदराचं काय, हीच काळजी आधी पुढे येते.

समोरून जमाव येतोय. गिरणीकामगार, हजारभर तरी असतील. हातात दगड आहेत. गावात बोललं जातंय की राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं, त्याचा सूड म्हणून राणीला माणसांची काळजं हवी आहेत आणि ती काढून द्यायचं काम या हॉस्पिटलात चालतं. तुम्हाला हसू येईल. येऊ द्या, पण २०२० मधले व्हॉट्सॲपवरचे निरोप आठवून मग हसा. माणसं धट्टीकट्टी आत जातात आणि चादरीत गुंडाळून बाहेर येतात, एवढंच त्या कामगारांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. मधलं त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

दगड पडायला लागले की आत बघा. या हॉस्पिटलचा कारभार डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांच्याकडे आहे. पुढे त्यांनी इथल्या रोग्यांवर तपशिलाने लिहिलं. जांघेतली गाठ, काखेतली गाठ, ताप, नाडी. ज्यांना वाचवायला उभे आहोत त्यांचेच दगड खिडकीवर येताना पोटात काय झालं, ते मला तरी कुठे सापडलं नाही. त्या काळच्या वैद्यकीय अहवालात लिहिणारा माणूस नसायचाच. 'असे आढळून आले' हीच भाषा. कुणाला आढळलं, आणि तो त्या रात्री जेवला का, हे वाचणाऱ्याने विचारू नये अशी रीत होती.

भायखळ्यापर्यंत चालत जा, फार लांब नाही. मधले काही आठवडे चालता चालताच निघून जातील. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा दिसेल, तीच प्रयोगशाळा. ओडेसात जन्मलेला छत्तीस वर्षांचा ज्यू शास्त्रज्ञ, वाल्डेमार हाफकिन, इथे प्लेगची लस करतोय. चंबूत मांसाचा रस्सा, वर तुपाचे थेंब. त्या थेंबांना धरून जंतू गुहेतल्या लवणस्तंभांसारखे खाली लोंबत वाढतात. हाताशी मोजकी माणसं आहेत. ऑक्टोबरात आलेला हा माणूस १० जानेवारी १८९७ ला स्वतःच्या अंगात लस टोचून घेईल. म्हणजे तीन महिने. तीन महिन्यांत प्लेगची लस!

हे शाळेच्या पुस्तकात असतं. तुम्ही कोपऱ्यातल्या त्या मदतनिसाकडे बघा. तो किती दिवस घरी गेलेला नाही कोण जाणे. याच तीन महिन्यांत हाफकिनच्या एका मदतनिसाचं मन पार कोसळलं, आणि आणखी दोघे काम सोडून निघून गेले. हाफकिनच्या चरित्रांत हे एका वाक्यात येतं आणि वाक्य पुढे सरकतं. मला ते वाक्य सोडवत नाही. जगातल्या पहिल्या प्लेगलशीच्या इतिहासात मन मोडल्याची एक नोंद तरी आहे, पण ज्याचं मोडलं तो नुसता 'एक मदतनीस'. पुढे तो बरा झाला का, कुणी त्याला पुन्हा कामावर घेतलं का, कळायला मार्ग नाही.

खुद्द हाफकिनचंही पुढे धड झालं नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. बाटलीचं बूच उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, असं पुढे निघालं. ठपका मात्र प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर. त्याला कामावरून दूर केलं. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं आणि त्यासाठी रोनाल्ड रॉससारख्यांना लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहावं लागलं. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं. मधल्या पाच वर्षांत तो रात्री काय विचार करत असेल, याचा अंदाज कुठल्याही सर्जनला विचारा. ज्याच्या हातून किंवा ज्याच्या नावावर एक जरी माणूस गेला आहे, तो लगेच सांगेल.

आता पुणे. तारीख १० मार्च १८९७, हडपसरजवळचा ससाणे मळा. गावाबाहेर, मोकळ्यावर डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगचा दवाखाना मांडलेला आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतलेला हा मुलगा लष्करात डॉक्टर. आईनेच त्याला बोलावून घेतलं. मुंढव्याहून एका आजारी पोराला पाठीवर घेऊन सावित्रीबाई इथे आल्या, हे तुम्हाला माहीत आहे. तो प्लेग त्यांना लागला. आज त्या जातायत.

इथे फार जवळ जाऊ नका. दुरूनच बघा. खाटेवर आई आहे, आणि शेजारी उभा असलेला मुलगा हाच तिचा डॉक्टर. आपल्याच दवाखान्यात, आपल्याच रोग्याकडून आईला लागण झाली, हे त्याला कळत नसेल असं नाही. बाहेर आणखी रोगी आहेत. तुम्ही थोडा वेळ थांबलात तर तो उठून त्यांच्याकडे जातो का, हे दिसेल. काय दिसलं ते मला सांगू नका. सावित्रीबाईंच्या मरणाबद्दल आपण शंभर वर्षं बोलतो आहोत, आणि बोलायलाच हवं. यशवंतांच्या त्या रात्रीबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली मी वाचली नाही.

१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ मी तुम्हाला दाखवत नाही. तिथे इतकी माणसं इतक्या पटापट गेली की डॉक्टरच काय, मेलेल्यांचीही धड मोजदाद झाली नाही. सरळ पुढे चला.

रविवार, २२ मार्च २०२०, संध्याकाळचे पाच. दादरच्या कुठल्याही चाळीच्या गॅलरीत उभे राहा. थाळ्या वाजतायत, कुणी शंख फुंकतंय, कुणी कुकरचं झाकण बडवतंय. गॅलरीत तुमच्या शेजारी एक निवासी डॉक्टर उभी आहे, सुट्टीवर आलेली. तिचा कंठ दाटून आला आहे, तो खोटा नाही. पुढच्याच आठवड्यात तिच्या मैत्रिणीला घरमालक सांगणार आहे की पोरी, तू दुसरीकडे बघ. १९ एप्रिलला चेन्नईत डॉ. सायमन हर्क्युलिस हे मेंदूशल्यतज्ज्ञ कोविडने गेले. त्यांचं प्रेत पुरायला लोकांनी विरोध केला, शववाहिकेवर दगडफेक केली, आणि शेवटी त्यांच्या मित्राने, डॉ. प्रदीप कुमार यांनी, मध्यरात्री स्वतः फावडं हातात घेऊन त्यांना मूठमाती दिली. त्याच आठवड्यात, २२ एप्रिलला, केंद्र सरकारने डॉक्टरांवर हात टाकणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद देणारा वटहुकूम काढला. कुठल्या कायद्यात दुरुस्ती करून? १८९७ च्या साथरोग कायद्यात. तोच, आर्थर रोडवर दगड पडल्यानंतर चार महिन्यांच्या आत या मुंबईच्या प्लेगसाठी केलेला. दगड तोच आणि कायदाही तोच. मग ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी इस्पितळांवर फुलं उधळली. फुलांना माझा विरोध नाही. 'योद्धा' या शब्दाला आहे. योद्ध्याला भीती वाटली तर त्याला काय म्हणतात, ते आपल्याला ठाऊक आहे.

आता मुक्काम. इथे रात्रभर राहायचं आहे.

२१ एप्रिल २०२१, बुधवार, रामनवमी. मुंबईतलंच एक मोठं रुग्णालय, नाव विचारू नका. तिचंही नाव विचारू नका. ती भूलतज्ज्ञ आहे, अतिदक्षता विभाग बघते, वय अडतीस. खरं सांगायचं तर ती एक बाई नाहीच. त्या वर्षी मी ज्यांचं ऐकलं, वाचलं, त्या सगळ्यांची मिळून झालेली ती आहे. रात्रीचे आठ वाजलेत आणि ती कपडे चढवतेय. दोन हातमोजे, एन-९५, त्यावर साधा मास्क, चष्मा, टोपी, तो पांढरा झगा. आता सकाळपर्यंत पाणी नाही आणि बाथरूम नाही. आत सगळे सारखेच दिसतात म्हणून सिस्टर मार्करने तिच्या पाठीवर नाव लिहितात आणि त्याखाली एक लहानसं फूल काढतात. वरून पडलेल्या सगळ्या फुलांपेक्षा मला हे फूल जास्त पटतं.

आज राज्यात ६७ हजारांवर नवे रुग्ण आणि साडेपाचशेहून जास्त मृत्यू. पण आत कुणी त्याबद्दल बोलत नाही. बोलतायत नाशिकबद्दल. दुपारी तिथल्या महापालिकेच्या रुग्णालयात टाकी भरताना ऑक्सिजन गळला, पुरवठा तुटला आणि बावीस माणसं खाटांवरच गुदमरून गेली. ही बातमी तुम्ही तेव्हा टीव्हीवर पाहिली असेल. इथे ती वेगळ्या तऱ्हेने ऐकू येते. नाशिकच्या त्या वॉर्डातही कुणी सिस्टर होती, कुणी डॉक्टर होता, आणि एकाच वेळी सगळ्या मॉनिटरांचे आकडे खाली येताना तो कुठल्या खाटेकडे आधी धावला असेल, हा हिशोब इथला प्रत्येक जण मनात करतोय. ती राउंड सुरू करण्याआधी जिना उतरून ऑक्सिजनच्या मॅनिफोल्डच्या खोलीत जाते आणि प्रेशरचा काटा स्वतः बघते. हे तिचं काम नाही. रात्रीत ती आणखी तीनदा जाईल.

वॉर्डात वीस खाटा, वीसही भरलेल्या. तिच्या हाताखाली एक त्वचारोगाचा, एक डोळ्यांचा आणि एक भुलीचा निवासी डॉक्टर. डोळ्यांचा डॉक्टर वर्षभर व्हेंटिलेटर बघून आता पारंगत झाला आहे आणि मोतीबिंदू विसरत चालला आहे. भुलीचा तिसऱ्या वर्षाचा. खरं तर त्याने आता परीक्षेच्या तयारीला लागायला हवं, पण हात कमी आहेत. १८ एप्रिलला व्हायची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा पुढे ढकलली गेली. ती होईल सप्टेंबरात. म्हणजे नवी तुकडी येणार नाही. तुम्ही पुढून आलात, तुम्हाला हे ठाऊक आहे. ते पोर अजून जूनमध्ये सुटका होईल या आशेवर आहे.

दहा वाजता फोन. हे काम ज्युनियरवर टाकलं जातं, पण आज ती स्वतः यादी घेऊन बसते. प्रत्येक घरी एक फोन.

"मॅडम, बाबा जेवले का?"

बाबांच्या घशात नळी आहे. ती तसं सांगते. पलीकडे शांतता, मग पुन्हा, "बरं, पण थोडं तरी जेवले का?"

पुढचा फोन. तो मुलगा धापा टाकत बोलतोय, त्याला इंजेक्शनं मिळाली आहेत. सहा रेमडेसिव्हिर, बायकोच्या पाटल्या मोडून. "मी खाली उभा आहे मॅडम, कुणाला तरी पाठवा."

इथे तिचा चेहरा बघा. म्हणजे डोळेच, बाकी काही दिसत नाही. ती तज्ज्ञ आहे. या औषधाने माणूस वाचतो असा पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नोव्हेंबरातच सांगून टाकलं होतं. त्यातून हा रुग्ण बाराव्या दिवशी, व्हेंटिलेटरवर. आता त्याचा काय उपयोग? हे तिने त्याला पाटल्या मोडण्याआधी सांगायला हवं होतं. चिठ्ठी कुणी लिहून दिली? तिच्याच विभागाने. का? कारण दिली नाही तर नातेवाईक म्हणतात, औषध असून दिलं नाही. ती "पाठवते" म्हणते आणि फोन ठेवते. लोकांना वाटतं डॉक्टर मृत्यू बघून खचतात. मृत्यू तिने पंधरा वर्षं पाहिला आहे. माहीत असून खोटं वागावं लागणं तिने पाहिलेलं नव्हतं.

या गोष्टीला एक नाव आहे आणि ते युद्धातून आलं आहे. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर बोस्टनमध्ये उपचार करताना जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञाच्या लक्षात आलं की काही जणांना छळतं ते शत्रूने केलेलं नाही. आपल्या हातून झालेलं, किंवा वरच्यांनी करायला लावलेलं काही तरी छळतं. जे बरोबर नाही हे तेव्हाही कळत होतं ते. त्याला नैतिक इजा म्हणतात. नैराश्याची गोळी आहे, झोपेची आहे. या इजेवर गोळी नाही.

दोन वाजून चाळीस मिनिटं. सात नंबरचे आजोबा गेले. ती डिक्लेअर करते, वेळ सांगते, ज्युनियर लिहितो. व्हेंटिलेटर मोकळा झाला. खालच्या मजल्यावर दोघे आहेत आणि दोघांनाही तो लागणार आहे. एक एकसष्ट वर्षांचे निवृत्त मास्तर, एक चौतीस वर्षांचा, घरोघरी पार्सलं पोचवणारा. तुम्हाला वाटेल यासाठी समिती असेल, नियमावली असेल. कागद आहेतही. रात्री पावणेतीनला कागद उठून जिना उतरत नाहीत. वरिष्ठांना फोन लावला तर ते म्हणतात, "तुला काय योग्य वाटतं ते कर, मी आहे." ते खरोखर भले गृहस्थ आहेत, पण आत्ता इथे नाहीत.

ती पार्सलवाल्याला वर घेते. मास्तरांना बायपॅपच्या मास्कवर ठेवते, पालथं झोपवते, सिस्टरना बसवते. पहाटे पाचला मास्तर जातात. कदाचित व्हेंटिलेटरवरही गेले असते. बहुतेक गेलेच असते. भूलशास्त्र शिकलेला कुणीही हेच म्हणेल. हा 'कदाचित' लक्षात ठेवा, पुढच्या वर्षी तो तुम्हाला पुन्हा भेटणार आहे.

तो भुलीचा ज्युनियर मास्तरांची डेथ समरी लिहितोय. लिहिता लिहिता म्हणतो, "मॅडम, मला आता काहीच वाटत नाही. आधी रडू यायचं. आता मी मनात बघतो, कितवी समरी."

"मलाही," ती म्हणते. "बारा नंबरचं एबीजी पाठवलंस का?"

हेच वाक्य एखादा रुग्ण बोलला असता तर तिने त्याला मानसोपचार विभागात पाठवलं असतं. तिला ते लक्षण ओळखू येतं. तुम्हाला ओरडावंसं वाटेल. मी आधीच सांगितलं होतं, आवाज फुटणार नाही.

याच आठवड्यात मुंबईच्या संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. तृप्ती गिलाडा यांचा एक व्हिडिओ देशभर फिरतोय. डॉक्टर कॅमेऱ्यासमोर रडतेय आणि सांगतेय की इतकं हतबल आम्ही कधी झालो नव्हतो. इथल्या सगळ्यांच्या फोनवर तो आला आहे. पाहिल्यावर कुणी काही म्हणालं नाही. सिस्टर फक्त म्हणाल्या, "बरं झालं कुणी तरी रडलं."

सकाळी सहा. ती झगा उतरवते. नाकावर, गालांवर मास्कचे वळ. पॅसेजमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसते आणि दीड लिटर पाणी एका दमात पिते. शेजारी बसा. तिच्या फोनमध्ये एका मित्राने फेब्रुवारीत पाठवलेला एक पीडीएफ आहे, न उघडलेला. इंग्लंडमधल्या नऊ अतिदक्षता विभागांतल्या ७०९ जणांना २०२० च्या जून-जुलैत प्रश्न विचारले होते. ४० टक्क्यांमध्ये आघातानंतरच्या मानसिक विकाराची लक्षणं निघाली. १३ टक्क्यांनी, म्हणजे दर आठ जणांत एकाने, गेल्या पंधरवड्यात स्वतःला इजा करून घ्यावी किंवा आपण मेलेलं बरं, असे विचार वारंवार आल्याचं सांगितलं. त्याआधी, साथीच्या अगदी सुरुवातीला, चीनमध्ये १,२५७ डॉक्टर-नर्सेसना विचारलं तेव्हा निम्म्यांत नैराश्याची लक्षणं होती. हे सगळं तिच्या खिशात आहे. ती फोन उघडते, ऑक्सिजनच्या टँकरच्या ग्रुपवर 'वसई क्रॉस्ड' असा निरोप आला का तेवढा बघते आणि बंद करते.

"मॅडम, तुम्ही वीस मिनिटं पडा आत. मी बघते." त्याच फूलवाल्या सिस्टर. त्यांचीही रात्र झालीच आहे. ती पडते. झोप लागत नाही, पण पडते.

घरी काय होतं तेही बघून घ्या, लवकर आटपू. चाळीस मिनिटं अंघोळ. सासूबाईंनी दाराबाहेर झाकून ठेवलेलं ताट. सहा वर्षांची मुलगी दाराला कान लावून विचारते, "आई, आज किती जण बरे झाले?" ती दोन म्हणते. मुलगी खूश होऊन निघून जाते. हा आकडा खरा आहे का, मला विचारू नका.

आता दीड वर्ष पुढे. २०२२ चा ऑक्टोबर, दिवाळीची साफसफाई. मास्क गेले, जम्बो कोविड केंद्रांचे तंबू गेले, व्हेंटिलेटर कोपऱ्यात झाकून ठेवलेत. आता सगळं बरं आहे, असं सगळे म्हणतात. तीच बाई आपल्या स्वयंपाकघरात उभी आहे. मायक्रोवेव्ह वाजतो, पी पी पी, आणि तिच्या हातातली वाटी खाली पडते. रात्री पावणेतीनला तिला आपोआप जाग येते. मास्तर. कदाचित.

गंमत अशी की हे आपल्याला आधीच ठाऊक होतं. २००३ मध्ये टोरांटोत सार्स आला आणि काही महिन्यांत गेला. रॉबर्ट माँडर या मनोविकारतज्ज्ञाने सहकाऱ्यांबरोबर, साथ सरल्यावर १३ ते २६ महिन्यांनी तिथल्या इस्पितळांत लोकांना गाठलं. ज्या शहरात सार्सचे रुग्ण नव्हते तिथल्यांपेक्षा यांच्यात मानसिक ताण आणि थकलेपण ठळकपणे जास्त होतं. लोक कामाचे तास कमी करत होते, रुग्णांपासून लांब राहायला बघत होते. आपल्याला पुरेसं शिकवलं गेलं, कुणी पाठीशी उभं राहिलं, असं ज्यांना वाटत होतं त्यांचं बरं होतं. म्हणजे टाळ्या संपतात तेव्हा हे दुखणं सुरू होतं, आणि तेव्हा कुणी बघायला येत नाही.

ती मदत घेते. पण कशी, तेही बघा. राहायला दादरला, मानसोपचारतज्ज्ञ शोधला ठाण्याचा. पैसे रोख. फोनमध्ये त्याचा नंबर 'मिक्सर रिपेअर' या नावाने. तिच्याच इस्पितळात, दोन मजले वर, चांगला मानसोपचार विभाग आहे. त्या जिन्यावर आपल्याला कुणी पाहिलं तर उद्या थिएटरमध्ये सर्जन म्हणेल, ही बाई आज भूल देईल ना नीट? ही भीती तिच्या एकटीची नाही. न्यू यॉर्कमधल्या एका इस्पितळाच्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. लोर्ना ब्रीन २६ एप्रिल २०२० ला आत्महत्येने गेल्या. मदत घेतली तर आपला परवाना जाईल, नोकरी जाईल, ही धास्ती त्यांना होती, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. तिथे त्यांच्या नावाचा, आरोग्यसेवकांच्या मनाच्या आरोग्यासाठीचा कायदा १८ मार्च २०२२ ला झाला. आपल्याकडे लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि जो आहे तो स्वतः कुणाकडे जातो हे विचारायची पद्धत नाही.

२०२२ च्या त्याच ऑक्टोबरात, १० तारखेला, सरकारने १४४१६ या नंबरवर 'टेलिमानस' ही फोनसेवा सुरू केली. चोवीस तास, फुकट, मराठीतून. तिथे फोन करणाऱ्याला नाव सांगावंच लागतं असं नाही. अवघड जात असेल त्या कुणीही हा नंबर लावावा, डॉक्टरांनीसुद्धा.

आता परत या. सात रस्ता, टपरी, हॉर्न. मी सांगितलेली नोंद सापडली का? भायखळ्याच्या व्हरांड्यात एक वाक्य सापडलं, इंग्लंड, चीन आणि टोरांटोचे तीन पेपर सापडले, आणि ठाण्याच्या एका दवाखान्यात, कुलूपबंद कपाटात, एक फाइल.

तुमच्या फोनमध्ये एखाद्या डॉक्टरचा नंबर असेलच. चुलतबहीण असेल, शाळेतला मित्र असेल, सोसायटीतल्या ताई असतील. २०२१ मध्ये तुम्ही त्यांना रात्री दीडला सुद्धा फोन केला होता, आणि त्यांनी उचलला होता. आज संध्याकाळी एकदा लावा. झोप लागते का, एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. फक्त या खेपेला आपला रिपोर्ट पाठवू नका.